अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ, कंपनी म्हणते वॉरंटी संपली: काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

रात्री सिस्टिम अपडेट टाकला, सकाळी बघितलं तर स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक बारीक सरळ रेघ, बहुतेक वेळा हिरवी, कधी गुलाबी किंवा पांढरी. फोन पडलेला नाही, भिजलेला नाही, काचेवर ओरखडासुद्धा नाही. सर्व्हिस सेंटरला गेलं की उत्तर ठरलेलं असतं, डिस्प्ले बदलावा लागेल, वॉरंटी संपलीय, एवढे एवढे हजार लागतील, करायचंय का सांगा. गेल्या काही वर्षांत नातेवाइकांपैकी, सोसायटीतल्यांपैकी कोणी ना कोणी हाच फोन हातात घेऊन माझ्याकडे येतंय आणि प्रत्येकाला तेच परत सांगावं लागतं म्हणून आता सगळं एका जागी लिहितोय. ही रेघ घरच्या घरी जात नाही, हे आधीच सांगतो. पण नव्या डिस्प्लेचे पैसे कोणी भरायचे हा प्रश्न सर्व्हिस सेंटरच्या एका नकारावर संपत नाही, आणि तो कुठल्या बाजूला झुकणार हे आपण सुरुवातीच्या दोन-चार दिवसांत काय काय लेखी घेतलं यावर बरंच ठरतं.

सगळ्यात आधी बॅकअप

रेघ एकच आहे, फोन चालतोय, बघू नंतर, असं करू नका. एका रेघेच्या दोन होतात, मग पट्टा होतो, कधी अर्धी स्क्रीन हिरवी पडते किंवा टच जातो, आणि टच गेला की पासवर्ड टाकता येत नाही आणि मग फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, बँकेची अ‍ॅप्स सगळं आत अडकून बसतं. त्याच दिवशी फोटो आणि चॅटचा बॅकअप घ्या. यूपीआय आणि ओटीपी दुसऱ्या फोनवर कसे येतील तेही बघून ठेवा, कारण फोन सर्व्हिस सेंटरला ठेवून यायची वेळ येऊ शकते.

मग रेघ सॉफ्टवेअरची की पॅनेलची, म्हणजे खुद्द स्क्रीनच्या भागाची, हे तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. त्यात रेघ दिसत नसेल तर ती सॉफ्टवेअरने काढलेली नाही, पॅनेलमध्ये आहे. दुसरं, फोन बंद करून चालू करा आणि कंपनीचा लोगो येतो तेव्हा नीट बघा, तिथेही रेघ असेल तर अ‍ॅप, थीम, सेटिंग कशाचाच संबंध नाही. या दोन्ही गोष्टींचा दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढून ठेवा, फोनची चारही बाजूंची काच आणि कडा त्याच व्हिडिओत दिसू द्या. हा व्हिडिओ पुढे फार कामाला येतो. सर्व्हिस सेंटरला फोन आत गेला आणि बाहेर येताना कोपऱ्याला बारीक चीर निघाली, 'ही आधीचीच होती' असं सांगितलं, की मग आपल्याकडे दाखवायला काहीच नसतं.

फॅक्टरी रीसेट करू नका. काउंटरवर हमखास सुचवतात, घरी जाऊन रीसेट करून बघा म्हणतात, त्याने पॅनेलची रेघ जात नाही, फक्त तुमचा एक हेलपाटा वाढतो. रेघ 'घालवणारी' अ‍ॅप्स मिळतात, तीही नकोत.

रेघ येते कशी

एमोलेड स्क्रीनला मागे दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो. त्या पिक्सेलनी किती उजळायचं हा सिग्नल उभ्या ओळींमधून जातो, एकेका उभ्या रांगेला एकेक बारीक वाहिनी, आणि या सगळ्या वाहिन्या स्क्रीनच्या खालच्या कडेला एका लवचीक पट्टीला चिकटवलेल्या असतात. तिथला एक जोड सुटला किंवा ती वाहिनी खराब झाली की त्या रांगेवरचा ताबा गेला, रांग कायमची पेटलेली राहते. म्हणून रेघ नेहमी एकदम सरळ आणि टोकापासून टोकापर्यंत असते, पडून फुटलेल्या स्क्रीनवरच्या डागासारखी वेडीवाकडी नसते. हा फरक काउंटरवर दाखवून द्या.

उष्णता आणि दमटपणा या दोन गोष्टी असे जोड आणि पॅनेलच्या कडा कमकुवत करतात. मे महिन्यातला फोन, चार्जिंगला लावलेला, वरून जाड कव्हर, हे आपल्याकडे रोजचं आहे आणि मुंबई-कोकणात हवेतला ओलावा वर्षभर, त्यामुळे हा काही ग्राहकाने केलेला दुरुपयोग नव्हे, ज्या देशात फोन विकता त्या देशातला हा साधा वापर आहे. अपडेटच्या वेळी प्रोसेसर बराच वेळ जोरात चालतो, फोन तापतो, आणि आधीच कच्चा झालेला जोड तेव्हा सुटू शकतो. म्हणून लोकांना वाटतं अपडेटनेच केलं, आणि कंपनी म्हणते सॉफ्टवेअरने हार्डवेअर बिघडत नाही, आणि या वादात महिने जातात.

माझं ऐका, या वादात पडूच नका. तक्रारीत 'अपडेटमुळे रेघ आली' असं लिहू नका, कारण मग ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. 'अमुक तारखेला अपडेट केला, त्यानंतर रेघ दिसली, फोन पडलेला किंवा भिजलेला नाही, साध्या वापरात डिस्प्ले निकामी झालाय' एवढंच लिहा. तारखा आणि जे दिसतंय ते. कारण शोधणं हे ज्याने वस्तू बनवली त्याचं काम आहे.

कंपन्या कशा वागतात हे आधी बघून ठेवा

आपण कुठल्या पायरीवर आहोत हे कळलं की काउंटरवर खचायला होत नाही, म्हणून हा भाग थोडा मोठा लिहितोय.

पहिलं उत्तर असतं, असं कोणाचंच होत नाही, तुमचाच पहिला फोन आलाय. २०१० साली अमेरिकेत आयफोन ४ आला आणि लोकांना दिसलं की फोन डाव्या बाजूला खाली विशिष्ट जागी हातात धरला की सिग्नल पडतो, कारण अँटेना कडेच्या धातूच्या पट्टीतच होती. आधी अ‍ॅपलकडून सांगितलं गेलं की तसा धरू नका. मग सांगितलं की सिग्नलच्या दांड्या दाखवायचं गणितच चुकीचं होतं. शेवटी १६ जुलैला स्टीव्ह जॉब्जनी पत्रकार परिषद घेतली, सगळ्यांना फुकट बंपर कव्हर द्यायचं जाहीर केलं, आणि त्याच परिषदेत एक आकडा सांगितला: आयफोन ४ घेतलेल्यांपैकी फक्त ०.५५ टक्के लोकांनी अ‍ॅपलकेअरला, म्हणजे कंपनीच्या ग्राहक मदत विभागाला, अँटेनाबद्दल तक्रार केलीय. हा आकडा मी प्रत्येकाला सांगतो. ज्यांनी मित्राला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं, वैतागून कव्हर विकत घेतलं, ते सगळे त्या हिशेबात 'समाधानी' धरले गेले. कंपनीकडे नोंदवलेली तक्रार तेवढीच मोजली जाते, आणि जी नोंदवली नाही ती उलट आपल्याच विरुद्ध वापरली जाते.

दुसरं उत्तर, दोष तुमच्या वापराचा. आयफोन ६ प्लसचं आठवा. स्क्रीनच्या वरच्या बाजूला करडी पट्टी लुकलुकायची आणि टच मरायचा, २०१६ मध्ये फोन उघडून दुरुस्ती शिकवणाऱ्या आयफिक्सिट वेबसाइटवाल्यांनी आणि सुटे दुरुस्ती कारागिरांनी दाखवून दिलं की फोन किंचित वाकतो आणि बोर्डावरच्या टचच्या चिपचे टाके सुटतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये अ‍ॅपलने दुरुस्ती योजना काढली, पण त्यात लिहिलं की फोन कठीण जागेवर अनेकदा पडल्यामुळे आणि त्यानंतर आणखी ताण आल्यामुळे हे होतं, आणि दुरुस्तीला १४९ डॉलर लावले. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, त्यात कंपनीच्याच चाचण्यांमध्ये ६ प्लस हा आधीच्या ५एसपेक्षा ७.२ पट जास्त सहज वाकतो असं आढळलं होतं, आणि त्या चिपला आधार देणारं भरण मे २०१६ मध्ये, म्हणजे योजनेच्या कितीतरी आधी, गुपचूप वाढवलं होतं. मला याचा राग अजून येतो, कारण त्या काळात कित्येक लोक स्वतःला दोष देत बसले असतील की आपल्याच हातून पडला असेल कधीतरी. पण त्या योजनेत एक गोष्ट चांगली होती: ज्यांनी आधीच कंपनीकडून जास्त पैसे देऊन दुरुस्ती करून घेतली होती त्यांना वरचे पैसे परत मिळायची सोय होती. अर्थात बिल असेल तर. म्हणून पैसे भरून डिस्प्ले बदलला तरी बिल आणि जॉबशीट (सर्व्हिस सेंटर फोनची तक्रार नोंदवून देतं तो कागद) फेकू नका, योजना नंतर येऊ शकते.

तिसरी पायरी बाहेर दिसत नाही. कंपनी जाहीर काही बोलत नाही, पण आतून 'स्पेशल अप्रूव्हल' देते, एखाद्याला डिस्प्ले फुकट, एखाद्याला निम्म्या किमतीत, एखाद्याला जुना फोन द्या आणि नव्यावर व्हाउचर घ्या. ज्याने वरपर्यंत लिहिलं त्याला मिळतं, ज्याने काउंटरवर मान डोलावली त्याला नाही. एकाच मॉडेलच्या दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळी उत्तरं मिळालेली मी बघितलीयत. व्हाउचर घेण्याआधी हिशेब करा, ते बहुतेक वेळा महागड्या मॉडेलवरच चालतं आणि सेलमध्ये तसाही तेवढा भाव उतरलेला असतो.

आणि चौथी पायरी म्हणजे जाहीर योजना, अटींसकट. हिरव्या रेघेच्या बाबतीत भारतात हे झालेलं आहे, म्हणून आशा सोडू नका. सॅमसंगने एप्रिल २०२४ मध्ये एस२०, नोट २०, एस२१ मालिका अशा काही मॉडेलना, खरेदीला तीन वर्षं झाली नसतील आणि फोन फुटलेला-भिजलेला नसेल तर, एकदा स्क्रीन फुकट बदलून द्यायचं ठरवलं, त्याला मुदतही होती. वनप्लसने आधी काही मॉडेलना स्क्रीनची आजीवन वॉरंटी दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये भारतासाठी सगळ्याच फोनना ग्रीन लाईनसाठी आजीवन वॉरंटी जाहीर केली, सोबत पॅनेलच्या कडांचं बाँडिंग सुधारल्याचं आणि ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणात चाचण्या घेत असल्याचंही सांगितलं. म्हणजे दोष कशात आहे हे उद्योगाला नीट ठाऊक आहे. गूगलनेही २०१७ मध्ये पिक्सेल २ एक्सएलच्या स्क्रीनवर आधीच्या चित्राची पुसट छाप कायम राहायला लागली तेव्हा वॉरंटी वाढवून दोन वर्षं केली होती.

या सगळ्याच्या उलट उदाहरण सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ चं. १९ ऑगस्ट २०१६ ला विक्री सुरू, बॅटऱ्या पेटायला लागल्या, २ सप्टेंबरला पंचवीस लाखांच्या आसपास फोन परत मागवायची घोषणा, बदलून दिलेलेही पेटले, ११ ऑक्टोबरला उत्पादनच बंद. आपल्याकडे तो विक्रीला आलाच नाही, पण डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, विमानात त्याच्या वापरावर बंदी घातली होती. दोन महिन्यांत कंपनी पूर्ण मागे आली. तिथे आग होती, विमानं होती, सरकारं मध्ये पडली. रेघेने कोणी भाजत नाही, म्हणून ती भिजत घोंगडं होऊन पडते, आणि म्हणूनच इथे लेखी नोंद हेच एक हत्यार उरतं.

सर्व्हिस सेंटरला काय करायचं

अधिकृत सेंटरलाच जा, कोपऱ्यावरच्या दुकानात आधी नको. तिथे हल्ली ग्रीन लाईन रिपेअर करून देतात, बाँडिंग मशीनवर पट्टी परत चिकटवतात किंवा लेझर मारतात, काही वेळा रेघ जातेही, पण फोन एकदा बाहेर उघडला की कंपनीची कुठलीही योजना असली तरी तुमचा पत्ता कट. तो शेवटचा मार्ग ठेवा.

काउंटरवर नुसतं विचारून परत येऊ नका. 'वॉरंटीत नाही' हे तोंडी ऐकून घरी आलात तर कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नव्हता. जॉबशीट बनवून घ्या, तपासणीचे पैसे पडले तरी. आणि जॉबशीटवर काय लिहिलंय ते तिथेच वाचा. माझ्या मावशीच्या फोनच्या वेळी काउंटरवरच्या मुलाने टाइप केलं, 'डिस्प्ले डॅमेज, आउट ऑफ वॉरंटी'. फोनला खरचटलंही नव्हतं. डॅमेज म्हणजे ग्राहकाने फोडला असा अर्थ पुढे काढता येतो, म्हणून मी म्हटलं हे बदला, 'व्हर्टिकल ग्रीन लाईन, नो फिजिकल डॅमेज, नो लिक्विड डॅमेज' लिहा. तो म्हणाला सिस्टिममध्ये यादीतूनच निवडावं लागतं. मग खाली रिमार्कचा रकाना असतो त्यात लिहा म्हटलं, तेही जमेना तर आम्ही पेनाने लिहून त्याची सही आणि शिक्का घेतला. सिमच्या ट्रेच्या खाचेत पांढरा स्टिकर असतो, पाणी गेलं की लाल होतो, तो पांढराच आहे याचाही फोटो त्याच्यासमोर काढला. मुलगा चांगला होता, त्याच्यावर चिडून काही होत नाही, त्याच्या हातात काहीच नसतं. पुढे कंपनीच्या ईमेलमध्ये 'फिजिकल डॅमेज असल्याने' असं उत्तर आलं तेव्हा ती सही आणि तो फोटो पाठवला आणि त्यांचा सूर बदलला. मावशीला शेवटी डिस्प्ले फुकट मिळाला, फक्त मजुरीचे पैसे भरावे लागले.

एस्टिमेट नाकारायचं असेल तरी त्याची छापील प्रत घ्या.

कंपनीला ईमेल

कस्टमर केअरच्या चॅटवर भांडत बसू नका, चॅट संपली की बऱ्याचदा हाती काही उरत नाही. वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, खाली कुठेतरी बारीक अक्षरात. त्याला लिहा, साधारण असं:

'मी अमुक तारखेला हा फोन घेतला, बिल जोडलंय. आयएमईआय हा. अमुक तारखेला स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली. फोन पडलेला, भिजलेला किंवा बाहेर उघडलेला नाही. आपल्या अधिकृत सेंटरने अमुक क्रमांकाच्या जॉबशीटवर तशी नोंद केलीय. साध्या वापरात डिस्प्ले निकामी होणं हा वस्तूतला दोष आहे. डिस्प्ले विनामूल्य बदलून द्यावा. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.'

एवढंच. शिव्या नकोत, सोशल मीडियाच्या धमक्या नकोत, पाच पानी कथा नको. सोशल मीडियावर लिहायचं असेल तर वेगळं लिहा, त्याचा उपयोग होतो, पण उत्तरात 'डीएममध्ये नंबर पाठवा' असं येतं आणि प्रकरण परत बंद खोलीत जातं, म्हणून ईमेलची साखळी तुटू देऊ नका. टोलवाटोलवी सुरू झाली, सेंटर म्हणतं कंपनीला विचारा आणि कंपनी म्हणते सेंटरला जा, तर दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या.

त्यानेही हललं नाही तर

१९१५ ला फोन लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं, ऑनलाइनही तक्रार टाकता येते. हेल्पलाइनला हुकूम द्यायचा अधिकार नाही, ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि पाठपुरावा करते, पण अनेक मोठ्या कंपन्यांची तिथे वेगळी माणसं नेमलेली असतात आणि बऱ्याच वेळा 'स्पेशल अप्रूव्हल' इथेच सुटतं. तक्रारीचा डॉकेट नंबर जपून ठेवा.

मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात आपल्या सोयीच्या दोन-तीन गोष्टी आहेत. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरगावला असलं तरी तुम्ही साताऱ्यात दाखल करू शकता. ऑनलाइन दाखल होते, ई-जागृती पोर्टलवर. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, म्हणून कंपनी चालढकल करत असेल तर कॅलेंडरवर लक्ष ठेवा. एकाच मॉडेलची बरीच माणसं असाल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एक तक्रार करायची तरतूदही कायद्यात आहे, तिचा वापर आपल्याकडे व्हायला हवा तेवढा होत नाही. कागद नीट लावायला मदत हवी असेल तर मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करतेय, तिथे विचारा.

वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला, हे काउंटरवर सांगितलं जातं तितकं सरळ नाही. वॉरंटी हे कंपनीने स्वतःहून दिलेलं वचन आहे, आणि कायद्यातली 'दोष' ही व्याख्या त्याहून वेगळी आहे, वस्तूच्या दर्जात कमतरता असणं. पन्नास हजारांचा फोन दोन वर्षांत साध्या वापरात निकामी व्हावा का, हा प्रश्न आयोगापुढे मांडता येतो. मांडला म्हणजे मिळेलच असं नाही, निकाल कागदांवर अवलंबून असतो, आणि पाच वर्षं वापरलेल्या फोनसाठी मी कोणाला आयोगापर्यंत जायला सांगणार नाही.

डिस्प्ले मिळाला की

काउंटरवरच तपासून घ्या. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा फोटो उघडून बघा, चारही कोपऱ्यांना टच, फिंगरप्रिंट स्क्रीनच्या आत असेल तर तो नव्याने नोंदवून बघा, ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होतोय का, फोन कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते का. मागची काच उघडून परत चिकटवलेली असते, त्यामुळे फोन मुळात वॉटरप्रूफ असला तरी आता पाण्यापासून जपा. बदललेल्या पार्टला किती दिवसांची वॉरंटी आहे ते बिलावर लिहून घ्या, शून्य रुपयांचं बिल असलं तरी घ्या, कारण नव्या डिस्प्लेवरही रेघ आलेली माणसं आहेत आणि त्यांच्यातल्या ज्यांच्याकडे ते बिल होतं त्यांना परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.